आधी आरसा पुसून बघ

गुरू ग्रहाचा एक पट्टा हरवला तेव्हा मी सर्वांत आधी माझ्या चष्म्याचा नंबर तपासून घेतला. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीचा आरसा धुतला. तिसऱ्या दिवशी पहाटे आईला उठवून स्लॅबवर नेलं आणि आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावायला सांगितलं.

ही 2010 च्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा माझ्याकडे 114 मिलिमीटरची, म्हणजे साडेचार इंची आरशाची दुर्बीण होती. आदल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आसपास आईने तिच्यातून गुरू पाहिला होता, त्यामुळे काय दिसायला हवं ते तिला ठाऊक होतं: एक चपटा गोळा आणि त्यावर दोन तपकिरी रेघा. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एकूच पट्टो दिसता रे. दोन आशिल्ले न्हय?"

आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी. त्या दिवशी वहीत मी लिहिलं: 'दक्षिण पट्टा दिसत नाही. आरसा धुतला आहे. आईलाही दिसत नाही.' चष्म्याचं लिहिलं नाही, लाज वाटली.

चार-पाच दिवसांनी नेटवर वाचलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टा खरोखरच गेला होता. फेब्रुवारीअखेर गुरू सूर्यामागे गेला तेव्हा तो फिका होत चालला होता; सूर्याच्या झगझगाटातून बाहेर आला तेव्हा पुसल्यासारखा झाला होता. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्लीने घेतलेली चित्रं जगभर फिरत होती. हा वेस्ली व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हे, तुमच्या-माझ्यासारखा हौशी माणूस. त्याच्याकडे साडेचौदा इंची आरसा होता हे सोडलं तर. आदल्याच वर्षी, 19 जुलै 2009 च्या रात्री, गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ त्याला एक काळा डाग दिसला होता. हवा खराब म्हणून तो आवरायच्या बेतात होता. अर्ध्या तासाची विश्रांती घेऊन परत आला तेव्हा डाग फिरून आणखी आत आलेला. काहीतरी येऊन गुरूवर आदळलं होतं आणि पृथ्वीवर सर्वांत आधी ते त्याच्या अंगणातून दिसलं. त्यालाही आधी वाटलं होतं की हे ध्रुवाजवळचं नेहमीचं काळपट वादळ असेल, मग वाटलं की एखाद्या चंद्राची सावली असेल. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. म्हणजे स्वतःवर संशय घेण्याची खोड माझ्या एकट्याची नव्हे.

ज्यांनी गुरू दुर्बिणीतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याला दिसतो तो गुरूचा पृष्ठभाग नव्हे, ढगांचं छत आहे. पांढरट भागात हवा वर येते आणि अमोनियाच्या बर्फाचे ढग धरतात. काळपट पट्ट्यांत हवा खाली बसते, हे पांढरे ढग विरळ होतात आणि खालचा तपकिरी थर उघडा पडतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना असे दोन ठळक पट्टे आहेत, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. दक्षिण पट्ट्याच्या काठात तो प्रसिद्ध तांबडा डाग रुतलेला असतो. पट्टा 'जातो' म्हणजे कुठे जात नाही. त्यावर पांढऱ्या ढगांची साय धरते, एवढंच. असं 1973 मध्येही झालं होतं. पायोनियर 10 हे यान त्या डिसेंबरात गुरूजवळून गेलं तेव्हा दक्षिण पट्टा असाच झाकलेला होता. पुढे 1989-90 मध्येही तो गेला. कधी जाईल याला नेम नाही. परत येतो हे मात्र नक्की, आणि येतो तोही नाट्यमय रीतीने.

ते नाट्य बघायची तयारी मी केली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला.

गोव्यात राहून गुरूची चित्रं काढणाऱ्याचं मुख्य दुखणं हे. जून ते सप्टेंबर आभाळ नसतंच, छत असतं. ऑक्टोबरात दिवसभर ऊन आणि संध्याकाळी गडगडाट. वर्षाचे चार-साडेचार महिने माझ्या वहीत एकच शब्द: पाऊस. 1994 च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे आठवडाभर गुरूवर आपटत होते तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, दुर्बीण उसनी आणून ठेवली होती. ती तिच्या पेटीतून बाहेर काढली नाही. त्या आठवड्यात कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली भांडी ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

तर 2010. सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री तासभर आभाळ फाटलं. गुरूची प्रतियुती (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर दुसऱ्या बाजूला गुरू) नुकतीच होऊन गेली होती, बिंब मोठं आणि झळझळीत. उत्तरेचा एकच पट्टा, आणि दक्षिणेला जिथे पट्टा असायचा तिथे कोरं पांढरं. त्या कोऱ्या जागी तांबडा डाग एकटाच, कपाळावरच्या कुंकवासारखा. पट्टा गेला की हा डाग उठून दिसतो. एवढ्या लहान दुर्बिणीतून तो मला तोपर्यंत कधी इतका स्पष्ट दिसला नव्हता आणि नंतरही नाही. मग 9 नोव्हेंबरला फिलिपिन्सच्या सेबू शहरातून ख्रिस गोने एक लहानसा पांढराशुभ्र ठिपका टिपला. खालून उसळून आलेलं वादळ. हा ठिपका म्हणजे पट्टा परतण्याची वर्दी. दक्षिण पट्ट्याच्या दोन काठांवर उलटसुलट दिशांचे वारे वाहतात. वादळाने उपसलेला माल ते दोन्हीकडे पसरत नेतात, आणि काही आठवड्यांत ग्रहाला वेढा पडतो. जानेवारीत मला माझ्या दुर्बिणीतून तिथे तुटक, मळकट काहीतरी दिसू लागलं. आई म्हणाली, नीट सारवलं नाही तसं दिसतं. बरोबर तसंच होतं.

मी डिचोलीत औषधांचं दुकान चालवतो. या छंदाला हा धंदा फार सोयीचा आहे हे हळूहळू लक्षात आलं. आरसा धुवायला डिस्टिल्ड वॉटर, पुसायला सर्जिकल कापूस. (पुसायचं म्हणजे दाबून नाही. ओला कापूस स्वतःच्या वजनाने सरकू द्यायचा आणि प्रत्येक ओढीला नवा बोळा.) गोळ्यांच्या बाटल्यांत सिलिका जेलच्या पुड्या निघतात, त्या मी वर्षानुवर्षं साठवतो. इथल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. माझा पहिला चांगला आयपीस 2007 च्या पावसाळ्यात असाच गेला, भिंगाच्या आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखा. तेव्हापासून आयपीस आणि कॅमेरा एका लाकडी पेटीत, तळाला पुड्या, वर झिरोचा बल्ब, पावसाळाभर पेटता. बायको त्याला 'देव्हारा' म्हणते.

आरसा वारंवार धुवावा लागे याला आणखी एक कारण होतं. डिचोली म्हणजे खाणींचा तालुका. दिवसभर खनिजमातीचे ट्रक धावत आणि ती तांबडी धूळ पानांवर, कपड्यांवर, दुकानातल्या बरण्यांवर बसे. आरशावरही. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि त्या हिवाळ्यात माझा आरसा पहिल्यांदाच तीन महिने न धुता राहिला. आभाळ स्वच्छ झालं. त्याच हिवाळ्यात दुकानाच्या उधारीच्या वहीला दुसरी वही जोडावी लागली. ट्रकांचे हप्ते थकलेले लोक रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांऐवजी पाचच दिवसांच्या मागायचे. या दोन वह्या मी शेजारी शेजारी ठेवत असे, आणि आभाळ स्वच्छ झाल्याचा आनंद कुणाजवळ बोलून दाखवणं मला जमलं नाही.

ट्रकांच्या हौद्यांना वेल्डिंग करणारा आमचा एक शेजारी तेव्हा मोकळाच बसून होता. 2013 मध्ये मी आठ इंची डॉब्सन घेतली होती. ही दुर्बीण म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेली तोफ. हाताने ढकलायची, तिला मोटर नसते. कॅमेरा लावला की पंचवीस-तीस सेकंदांत गुरू चौकटीतून बाहेर. म्हणून तिच्याखाली ठेवायला पृथ्वीच्या गतीने फिरणारा एक पाट लागतो. त्याचे आराखडे नेटवर मिळतात, पण बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे. त्यांच्याकडे ध्रुव आभाळात अर्ध्यावर असतो. आमच्याकडे तो जेमतेम साडेपंधरा अंशांवर, माडाच्या झावळ्यांत अडकलेला. पाटाचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा म्हणजे तो जवळजवळ आडवाच होतो, आणि सगळं यंत्र पूर्वेकडून पश्चिमेकडे असं हळूहळू कलतं. वेल्डरभाईंनी दोन लोखंडी कमानी वाकवल्या, एका बंद पडलेल्या यंत्राची गिअर मोटर बसवली, हाताने झुलवून पाहिलं आणि विचारलं, "हें पाळणें कोणाखातीर?"

"गुरूखातीर," मी म्हटलं.

तेव्हापासून त्याचं नाव पाळणा. तासभर झुलतो, मग परत मूळ जागी ओढावा लागतो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. मीही नंतर दोन-तीन महिने त्यांच्या वडिलांच्या गोळ्यांचं बिल केलं नाही.

आता चित्र कसं काढतात ते सांगतो. यात ज्यांना रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी मी रागावणार नाही.

फोटो काढायचा नसतोच, व्हिडिओ काढायचा असतो. आपल्या डोक्यावरची हवा सतत थरथरते, वाहत्या पाण्याखालच्या नाण्यासारखा गुरू हलतो. पण सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता कधीतरी स्थिर होतो. म्हणून सेकंदाला शंभर चौकटी अशा गतीने दोन मिनिटं टिपायचं. झाल्या बारा हजार चौकटी. मग ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर त्यांतल्या स्थिर चौकटी निवडतं. मी साधारण चौथा हिस्सा ठेवतो, बाकी गाळ. निवडलेल्या एकावर एक रचल्या की एक गुळगुळीत, दुधट चित्र येतं, आणि रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक तपशील उठवणाऱ्या, वेव्हलेटच्या सरकपट्ट्या सरकवल्या की त्या दुधातून पट्टे, गाठी, झालरी वर येतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते आणि मी बायकोला उठवलं होतं. आता उठवत नाही.

दोनच मिनिटं का? तर गुरूला घाई फार. एवढा 1,43,000 किलोमीटर व्यासाचा ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरचा ढग एका मिनिटात साडेसातशे किलोमीटर सरकतो. माझ्या आठ इंची आरशाला गुरूवर साधारण सतराशे किलोमीटरपर्यंतचं वेगळं ओळखता येतं. म्हणजे सव्वादोन मिनिटांनंतर मी टिपत असतो ती निव्वळ फरपट. तीनपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावून प्रतियुतीच्या वेळी गुरू माझ्या कॅमेऱ्यावर सुमारे 225 पिक्सेल रुंद येतो. त्यात तांबडा डाग पंचवीसेक पिक्सेलचा. हा डाग आक्रसतो आहे. 1979 मध्ये व्हॉयेजर यानांनी तो 23,000 किलोमीटर मोजला होता. तो आज तेवढाच असता तर माझ्या चित्रात छत्तीस पिक्सेल भरला असता. माझ्या जन्मानंतरच्या काळात अकरा पिक्सेल कमी. एक अख्खा ग्रह आपल्या हयातीत बदलतो याची याहून सोपी मोजदाद मला माहीत नाही.

आता 2019 कडे येतो. हे सांगायला जरा जड जातं.

मे महिना, शिरगावची लईराईची जत्रा होऊन गेलेली. आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती आणि पूजा सांगायला आलेले भटजी रात्री उशिरापर्यंत थांबले. सत्तरी ओलांडलेले, चौकस गृहस्थ. लॅपटॉपवर गुरूचा व्हिडिओ चालू होता. ते म्हणाले, "हा पिवळा दिसतोय." मी म्हटलं, "कॅमेऱ्याचे रंग आहेत, भटजी. अजून दुरुस्त केलेले नाहीत." ते हसले. "दुरुस्त कसले करताय? गुरू पिवळाच. वस्त्र पिवळं, फूल पिवळं, डाळ हरभऱ्याची, खडा पुष्कराज. हे काय उगाच?"

मी त्यांना अत्यंत नम्रपणे, म्हणजे आतून बरंच चढून, व्हाइट बॅलन्स समजावून सांगितला. दोन पट्ट्यांच्या मधला विषुववृत्तीय भाग पांढरा असतो, माझ्या चित्रात तो पिवळट आला आहे, अर्थात रंगाचा तोल चुकला आहे; तो भाग पांढरा होईपर्यंत पिवळा कमी करायचा की झालं. त्यांच्यासमोरच केलं. गुरू पांढरा झाला. भटजी म्हणाले, "तुमचं तुम्हाला माहीत," आणि चपला घालून निघाले.

त्या महिन्याभरात घेतलेली सगळी चित्रं मी अशीच 'दुरुस्त' केली. पाऊस सुरू झाल्यावर निवांतपणे इतरांची चित्रं बघत बसलो, तर सगळ्यांचा गुरू पिवळा. विषुववृत्ताचा तो पांढरा भाग 2018 पासूनच गेरूच्या रंगाकडे झुकत चालला होता. काही वर्षांच्या अंतराने असं होतं, अनुभवी निरीक्षकांना ते माहीत होतं. त्या वर्षी गुरूवर बघण्यासारखं जे होतं, ते माझ्या कॅमेऱ्याने इमानदारीने टिपलं होतं आणि मी ते पुसून टाकलं होतं. मूळ व्हिडिओही गेले होते. एक व्हिडिओ दोन जीबीचा होतो. डिस्क भरली म्हणून चित्र झालं की मी व्हिडिओ उडवत असे.

भटजींचं कारण चूक होतं याविषयी माझं मत आजही बदललेलं नाही. पण त्यांनी समोर दिसलं ते सांगितलं होतं आणि मी दिसायला हवं ते. पुढच्या पूजेला मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी फक्त "असं का" एवढंच म्हटलं आणि पोह्यांवर आणखी खोबरं मागितलं.

2010 मध्ये मी आरशावर संशय घेतला त्याने काही बिघडलं नव्हतं, कारण शंका वहीत लिहून ठेवली होती आणि पट्टा नाही हेही लिहिलं होतं. 2019 मध्ये शंकेला मी दुरुस्ती समजलो. तेव्हापासून एकही व्हिडिओ उडवत नाही. चार टीबीच्या तीन डिस्का झाल्या आहेत. त्याही देव्हाऱ्यातच असतात.

गोवेकराला गुरू कधी लाभतो याचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. प्रतियुती तेरा महिन्यांनी येते, दर वर्षी महिनाभर पुढे सरकत. 2019 ला 10 जून, 2020 ला 14 जुलै, 2021 ला 20 ऑगस्ट. तिन्ही वर्षं ऐन पावसात, आणि वर गुरू दक्षिणेला खाली झुकलेला. 2020 च्या 18 ऑगस्टला गुरूच्या उत्तर गोलार्धात वादळ उसळलं, त्याचे पांढरे लोट ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वेगाने धावत होते, हबलने त्याचं देखणं चित्र काढलं. माझ्या वहीत त्या तारखेला: पाऊस. मग 2022 पासून फासे फिरले. सप्टेंबरअखेर, मग 3 नोव्हेंबर 2023, 7 डिसेंबर 2024, 10 जानेवारी 2026. कोरडी हवा, आणि गुरू जवळजवळ डोक्यावर. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वरच्या थरात वेगवान वारे धावतात, त्यांनी दिल्लीकडच्या मित्रांचा गुरू उकळत असतो. इथे तो कधी कधी कागदावर छापल्यासारखा स्थिर. आमच्या लग्नात गुरुबळ नाही म्हणून मुहूर्त सहा महिने पुढे ढकलला होता. खरं गुरुबळ हे. ते 2030 पर्यंत पुरेल. 2031 ला प्रतियुती परत जूनमध्ये जाईल, तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा असेन आणि देव्हाऱ्यातला बल्ब बदलत बसेन.

आता नोव्हेंबर 2023 ची ती रात्र. हीसुद्धा माझ्या फजितीचीच आहे.

गुरू त्या मोसमात मध्यरात्री अगदी माथ्यावर यायचा. डॉब्सनला माथ्यावरचं आवडत नाही. तोफ उभी झाली की डावी-उजवीकडे वळवण्यात अर्थ राहत नाही. पण त्या रात्री पाळणा असा काही झुलला की दहा मिनिटं गुरू चौकटीच्या मधोमध, तसूभर हलला नाही. हवाही शांत. पहिलं चित्र रचलं आणि हात थांबले. दक्षिण पट्ट्याच्या खाली, मध्यरेषेच्या जरा डावीकडे, एक काळा टिपका. वाटोळा. वेस्लीच्या चित्रात होता तसा.

चंद्रांच्या सावल्यांचं वेळापत्रक पाहिलं. त्या वेळी एकही सावली नव्हती. रात्रीचा दीड वाजला होता. सावंतवाडीला माझा एक मित्र आहे, तोही याच नादातला. त्याला फोन लावला. त्याने झोपेतच सगळं ऐकून घेतलं. अभिनंदन वगैरे काही नाही. म्हणाला, "आधी कॅमेरो फिरव मरे."

मी दुसरा व्हिडिओ आधीच घेतला होता, पहिल्यानंतर बारा मिनिटांनी. तो रचून पाहिला. बारा मिनिटांत गुरू सव्वासात अंश फिरतो, बिंबाच्या मधोमध असलेली खूण चौदा-पंधरा पिक्सेल सरकायला हवी. तांबडा डाग सरकला होता. टिपका जागच्या जागी. मग कॅमेरा काटकोनात फिरवून तिसरा व्हिडिओ घेतला. गुरू चौकटीत आडवा झाला, टिपका होता तिथेच. म्हणजे गुरूवर नव्हताच, कॅमेऱ्याच्या काचेवर होता. एरवी गुरू चौकटीत इकडेतिकडे भटकतो त्यामुळे असला कण रचण्यात पुसला जातो. पाळण्याने त्या रात्री इतकं चोख काम केलं म्हणून कणाला गुरूवर बसायला जागा मिळाली.

सकाळी भिंगातून पाहिलं. पांढरी पावडर. कॅमेऱ्याला हाताचं तेल लागू नये म्हणून मी दुकानातले सर्जिकल हातमोजे घालून तो हाताळतो, आणि ते होते पावडर लावलेले. बिनपावडरीचे हातमोजे त्याच्या शेजारच्याच फळीवर होते. महाग म्हणून घेतले नव्हते.

मित्राने तेव्हापासून फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: "काय आपटला गुरूवर?" आपटेलही कधीतरी. 2016 पासून जूनो यान गुरूभोवती फिरतंय, पण ते जवळून जाताना अरुंद पट्टा बघतं. त्या दिवशी उरलेल्या ग्रहावर काय चाललं होतं ते अजूनही पृथ्वीवरच्या हौशी लोकांच्या चित्रांवरूनच जुळवतात. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे जॉन रॉजर्स ही जुळवणी दशकानुदशकं करत आले आहेत. जगाच्या गोलावर प्रत्येक रेखांशाला कुणीतरी जागं असावं लागतं, नाहीतर दहा तासांच्या दिवसातला एखादा तुकडा कुणाच्याच वहीत नसतो. जपान निजायला गेला आणि युरोपात अजून उजेड आहे, अशा वेळी आमची पाळी. गेल्या दोन मोसमांत माझी चित्रंही मी पाठवतो, वेळ आणि रेखांश लिहून, रंग न पुसता.

यंदाचं पहिलं निरीक्षण दिवाळीत झालं. नरकचतुर्दशीची पहाट म्हणजे गोव्यात कुणी झोपत नाही. चौकात नरकासुर उभा, त्याच्यासमोर भिंतीएवढे स्पीकर. गुरू मिथुनेत, पाच वाजता चांगला वर आलेला, ढगांच्या फटीतून अधूनमधून. व्हिडिओ बघावा तर बिंब ठेक्यावर थडथडत होतं. पुरावा म्हणून जपून ठेवलाय, ढोलाचा प्रत्येक ठोका त्यात मोजता येतो. मी कॅमेरा काढला, साधा आयपीस लावला आणि आईला वर बोलावलं. ती आता बहात्तरची आहे. कठड्याला धरून सावकाश आली, डोळा लावला.

"दोन आसात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पूण पयलीं इतलो धवो नाशिल्लो."

आता मी काय समजायचं? विषुववृत्ताचा तो गेरू गेल्या काही वर्षांत उतरला हे खरं. पण आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन श्रावणात झालं होतं. थेंब मीच दुकानातून आणून घालत होतो. पिकलेलं भिंग काढून नवं घातलं की सगळंच पांढरं दिसायला लागतं, पेशंट येऊन सांगतात. डाव्या डोळ्याचं अजून व्हायचं आहे.

"आई, आता डाव्याने बघ."

तिने डोळा बदलला. खाली चौकात कुणीतरी पहिला फटाका लावला आणि पेंढ्याचा धूर वर यायला लागला.

"दाव्यान हळदुवो," ती म्हणाली. पुन्हा उजवा लावला. "उजव्यान धवो." मग परत डावा. तिला आता गंमत वाटायला लागली होती, ती जागा सोडेना.

वहीत लिहिलं: 'दोन्ही पट्टे जागेवर. रंगाबद्दल आईच्या दोन डोळ्यांत एकमत नाही. आरसा पुसायचा आहे.'